लहानू फिटरच्या पोराची लिमिट

ज्या रविवारी लहानू रामटेके यांनी रायपूरजवळच्या बीरगावच्या विहारात पेढे वाटले, त्या दिवशी त्यांच्या घरात ना बारसं होतं, ना साखरपुडा, ना कोणाला नोकरी लागली होती. बुद्धवंदना आटोपली, माणसं उठायच्या बेतात होती, तेवढ्यात लहानूंनी पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला आणि दारापाशी जाऊन उभे राहिले. कोणी विचारलं की सांगत, "यशदीपची लिमिट वाढली. बँकेनं सोताहून वाढवली. साठ हजाराची एकदम एक लाख चाळीस केली."

ऐकणाऱ्यांनी पेढा तोंडात टाकला आणि माना डोलावल्या. निम्म्या जणांना हे नेमकं काय वाढलं ते कळलं नसावं. पण लहानूंचा हात तसा आखडता. एका चहात दोघांना बसवणारा माणूस डबाभर पेढे वाटतोय म्हटल्यावर गोष्ट मोठीच असणार, असं सगळे धरून चालले.

यशदीप आत खांबाला टेकून उभा होता. क्रेडिट कार्डाची लिमिट वाढली म्हणजे पगार वाढला नाही, बढतीही मिळाली नाही, आणखी उसनं घ्यायची मोकळीक मिळाली इतकंच, हे त्याला ठाऊक होतं. हे काहीतरी चुकतंय असं त्याला वाटत होतं. पण बाबांचा चेहरा असा उजळलेला त्याने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. डबा समोर आला तेव्हा त्यानेही एक पेढा उचलला, आणि तो त्याला गोडही लागला.

पेढे का वाटले गेले, ते कळायला लहानूंची सोसायटी माहीत हवी. लहानू रायपूरच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते, त्यांचे वडील भंडाऱ्याकडून येऊन तिथेच लागलेले. कारखान्यातल्या कामगारांची पतपेढी होती, तिलाच सगळे सोसायटी म्हणत. नव्या माणसाला सोसायटी थोडकंच कर्ज देई. दर महिन्याला पगारातून हप्ता कापला जाई, कर्ज तेवढं उतरे, आणि काही वर्षं माणूस नीट वागला की त्याची लिमिट वाढे. लिमिट वाढली म्हणजे हा माणूस भरवशाचा, असं चारचौघांत ठरून जाई. पोरीसाठी स्थळ बघायला आलेले लोकसुद्धा मुलाच्या बापाची सोसायटीतली लिमिट हळूच विचारून घेत. बायकोचं, अंजनाबाईंचं ऑपरेशन, बीरगावचा प्लॉट, त्यावरच्या दोन खोल्या, सगळं लहानूंनी सोसायटीच्या जोरावर केलं आणि निवृत्तीच्या आधी फेडून मोकळे झाले. कर्ज म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर हेच येई. हप्ता जातो, कर्ज उतरतं, माणसाची किंमत वाढते. त्यांना दुसरं कुठलं कर्ज माहीत असणार?

यशदीपने मात्र बाबांना पेढे वाटायची संधी कधी दिली नव्हती. बी.कॉम. झाला तो काठावर. मग रेल्वेच्या परीक्षा घासत बसला, एकदा नाही, तीनदा. दर निकालाला लहानू म्हणत, "होईन, पुढच्या टायमाले होईन," आणि दर वेळी ते म्हणणं थोडं हळू होत गेलं. शेवटी तो रायपूरच्या पंडरी बाजारातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये सेल्समन म्हणून लागला. पगार सतरा हजार, वर विक्रीवर कमिशन. काम त्याला जमलं, अगदी चांगलं जमलं. गिऱ्हाईक दारात आलं की चपलांकडे बघून तो ओळखायचा की हे फक्त भाव विचारायला आलेलं आहे, आणि तरी त्याच्या हाती फ्रिज देऊन पाठवायचा. "भैया, पूरा पैसा कौन देता है आजकल? महीने का इतना ही पड़ेगा, पता भी नहीं चलेगा." दिवसातून कितीदा म्हणायचा, तोच जाणे.

दुकानाच्या दाराशी एका बँकेचं टेबल असायचं. त्यावर प्रशिक नावाचा त्याच्याच वयाचा पोरगा कार्डाचे अर्ज भरून घेई. एका मंदीच्या दुपारी, गिऱ्हाईक नाही, टार्गेट पूर्ण नाही, अशा वेळी प्रशिक म्हणाला, "यार, एक तू ही भर दे. मेरा कोटा हो जाएगा." यशदीपने मित्राच्या कोट्यासाठी सही केली. पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं असा प्रश्न पडला. त्यांच्या गल्लीला ना नाव, ना नंबर. त्याने नेहमीचं लिहिलं, 'बुद्ध विहार के सामने, बीरगांव'. कार्ड आलं तेव्हा ते लखलखीत काळं होतं, आणि त्यावर त्याचं नाव इंग्रजीत कोरलेलं होतं.

आधी फोन घेतला. मग बूट. मग शोरूममधल्या चौघांना आपल्या वाढदिवशी तेलीबांधाकडच्या एका महागड्या हॉटेलात जेवायला नेलं, आणि बिल आलं तेव्हा वहीसारखं ते पाकीट हातात घेऊन, आत न बघताच कार्ड ठेवलं. ते न बघणं त्याला फार आवडलं. आईसाठी कूलर आणला, पिंकीला, म्हणजे धाकट्या बहिणीला, लॅपटॉप. सगळाच उधळेपणा होता असं म्हणता येणार नाही. पण घरच्यांना वस्तू देताना त्यांच्या डोळ्यांत जे दिसायचं, ते त्याला बुटांपेक्षाही जास्त हवं असायचं, हेही तितकंच खरं.

पहिलं मोठं बिल मोबाइलवर आलं तेव्हा तो जरा दचकला. एकूण बाकी अठ्ठावीस हजार. पण खाली दुसरा आकडा होता, मिनिमम ड्यू, चौदाशे. त्याने तो संदेश बाबांना वाचून दाखवला.

"एवढाच हप्ता?" लहानू म्हणाले. "मंग काहून घाबरून राहिला तू? भरत जाय. फक्त तारीख चुकवू नोको. तारीख चुकली का माणसाची किंमत गेली."

झालं. बापाने सांगितलं, पोराने ऐकलं. दोघांनीही मनापासून. यशदीप दर महिन्याला तारखेच्या दोन दिवस आधी मिनिमम भरायचा आणि घरी येऊन सांगायचा, "बाबा, हप्ता गेला." लहानू मान हलवायचे. दिवसभर दुसऱ्यांना हप्ते समजावणाऱ्या पोराला आपण भरतो तो हप्ताच नाही, हे कळू नये, याला काय म्हणावं? फ्रिजचा हप्ता भरला की फ्रिजचं कर्ज उतरायचं, हे तो रोज बघत होता. कार्डाचंही तसंच असणार, हे त्याने तपासायचंसुद्धा मनात आणलं नाही. आकडा खाली येत नव्हता, पण तो नवीन काहीतरी घेतच होता, त्यामुळे येत नसेल, अशी त्याची समजूत. आणि वेळेवर भरणारं असं गिऱ्हाईक बघून बँकेने लिमिट वाढवली. पेढे तेव्हाचे.

पेढ्यांनंतर विहारात त्याला नवीन नाव पडलं. बाबासाहेबांच्या जयंतीची वर्गणी गोळा करायला कमिटीचे सचिव नीलकंठ काका घरी आले. ते लहानूंचे कारखान्यातले जोडीदार, शेजारच्याच यंत्रावर उभे राहिलेले.

"काय म्हणते आमचे लिमिटवाले साहेब?" त्यांनी पावतीपुस्तक उघडलं. "औंदा किती लिहू?"

दरवर्षी रामटेक्यांकडून अकराशे जात. लहानूंनी यशदीपकडे बघितलं. मागून अंजनाबाईही चहाची कपबशी हातात धरून थांबल्या.

"एकवीस लिहा, काका."

"एकवीसशे?"

"हजार."

अंजनाबाईंनी नंतर स्वयंपाकघरात विचारलं, "एवढे पैसे हायेत काय रे तुह्याजवळ?" तो म्हणाला, "हायेत न, आई." त्याने ते एटीएममधून त्याच कार्डावर काढले. असं काढलेल्या पैशावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, हे त्याला माहीत नव्हतं. चौदा एप्रिलच्या संध्याकाळी लाऊडस्पीकरवरून नीलकंठ काकांनी त्याचं नाव घेतलं. आयुष्मान यशदीप लहानू रामटेके यांच्याकडून एकवीस हजार रुपये धम्मदान. टाळ्या झाल्या. लहानू पहिल्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून पोराला शोधलं. पोरगा रेल्वेत लागला असता तर जे झालं असतं, ते त्या संध्याकाळी झालं.

पुढच्या काही महिन्यांत शोरूमची विक्री बसली, कमिशन आटलं. मिनिमम आता सहा हजारांच्या वर गेलं होतं. यशदीपची ओढाताण सुरू झाली. एके दुपारी तो गोदामात फ्रिजच्या खोक्यांमागे गेला, बँकेला फोन लावला आणि सरळ विचारलं की माझे हप्ते किती राहिले, कधी संपतील?

पलीकडे चेतना नावाची मुलगी होती. "सर, हप्ता कौन सा? आपके कार्ड पर कोई ईएमआई नहीं है."

"मैं हर महीने भर रहा हूँ न, मैडम. दो साल से."

"वो मिनिमम ड्यू है, सर. उससे कार्ड बस चालू रहता है. बाकी पूरे अमाउंट पर ब्याज लगता रहता है." तिने जरा थांबून, चांगुलपणाने, पुन्हा सांगितलं, "मिनिमम भरने से कर्ज़ा उतरता नहीं है, सर."

त्याने तिच्याकडून आकडे घेतले. दोन वर्षांत जेवढं भरलं त्यातलं बहुतेक सगळं व्याजात गेलं होतं. तो खोक्यावर बसला. बाहेर कोणीतरी वॉशिंग मशीनचा भाव विचारत होतं आणि मालक त्याच्या नावाने हाका मारत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. बी.कॉम. झालेला पोरगा. सेल्समन. दिवसाला दहा जणांना सांगणारा, की पता भी नहीं चलेगा.

त्याच दिवशी घरी जाऊन बाबांना सांगितलं असतं तर ही गोष्ट इथे संपली असती. लहानू चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, मग बापलेकांनी काही मार्ग काढला असता. इथपर्यंतची चूक न कळल्याची चूक होती, आणि त्यात बापाचाही अर्धा वाटा होता. पण सांगायचं म्हणजे पेढे परत घेतल्यासारखं होतं. विहारातल्या टाळ्या, पहिल्या रांगेतून वळून बघणं, सगळं. त्याला ते करवेना. संध्याकाळी दुकान बंद होताना प्रशिक टेबल आवरत होता. यशदीप त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "दूसरे बैंक का करवा देगा क्या?"

दुसऱ्या कार्डातून काढून त्याने पहिल्याचं मिनिमम भरलं. मग घरचा किराणा त्यावर. मग पिंकीच्या बी.एड.च्या फॉर्मचे पैसे. मग त्या कार्डाचंही मिनिमम येऊ लागलं, आणि एका महिन्यात त्याने दोन्ही भरायचं सोडून दिलं. फोन सुरू झाले. सकाळी दहापासून, वेगवेगळ्या नंबरांवरून. तो दुकानात फोन उलटा ठेवू लागला. घरी फोन वाजला की म्हणायचा, कंपनीवाले असतात, जाहिरात. लहानू अधूनमधून विचारत, "हप्ता गेला न?" आणि तो म्हणायचा, "हव, बाबा." पूर्वी हे दोन शब्द खरे वाटून निघायचे. आता त्यांच्यासाठी जोर करून तोंड उघडावं लागायचं. रविवारी विहारात जाणं त्याने टाळायला सुरुवात केली. दुकानात सेल आहे, असं सांगायचा, आणि उरला भागातल्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडी लावून पुलाच्या सावलीत बसायचा.

त्या एका रविवारी मात्र त्याला टाळता आलं नाही. पिंकीला बी.एड.ला प्रवेश मिळाला होता आणि अंजनाबाईंनी विहारात खीर करायचं ठरवलं होतं. "भैया, आज तो चलो," पिंकी म्हणाली. तिला मराठी सगळी समजायची, बोलायची हिंदीच.

वंदना झाली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवरच बसून होती, बाया खिरीचं पातेलं उचलून आणत होत्या. तेवढ्यात दाराशी दोन पोरं येऊन उभी राहिली. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्र, एकाच्या हातात फाईल. त्यांनी बूट बाहेर काढले, हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, "यशदीप रामटेके का घर किधर पड़ेगा? पते में विहार लिखा है."

यशदीपने त्यांना बघितलं आणि ते कुठून आले ते ओळखलं. तो उठायच्या आत लहानू उठले होते.

"आइए, आइए, साहब. बैंक से आए हैं क्या? मैं यशदीप का बाप. घर ये सामने ही है. बैठिए, खीर खाकर जाइए."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठा पोरगा म्हणाला, "अंकल जी, थोड़ा साइड में बात कर लें?"

"यहीं बोलिए न. सब अपने ही लोग हैं." लहानूंनी सगळ्यांकडे हात फिरवला. "लड़के की लिमिट फिर बढ़ी क्या?"

यशदीपला हाक मारायची होती. बाबा, गप्प बसा. बाबा, इकडे या. आयुष्यात त्याने इतक्या जणांना बोलून बोलून माल गळ्यात मारला होता, आणि त्या क्षणी त्याला एक शब्द सापडला नाही.

"नहीं, अंकल," तो पोरगा म्हणाला. तो उद्धट नव्हता. उद्धट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. "पाँच महीने से पेमेंट नहीं आया है. एक लाख चौंसठ हज़ार बाकी है."

"नाही, नाही. हप्ता तर भरून राहिला तो." लहानू मराठीवर आले. त्यांनी वळून बघितलं. "यशदीप, सांग यायले."

यशदीप सतरंजीकडे बघत राहिला. खिरीचं पातेलं खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला. मग नीलकंठ काका उठले आणि मोठ्याने म्हणाले, "चला, खीर घ्या सगळ्यायनं, गार होऊन राहिली." माणसं हलली, पण पाठमोरी होऊन कान इकडेच लावून. लहानूंनी त्या पोराला दोन-तीन प्रश्न विचारले, त्याने फाईल उघडून मिनिमम आणि बाकी यांतला फरक सांगितला. लहानूंना तो एका झटक्यात कळला. त्यांनी हात जोडले, स्वतःच्या पोराहून लहान पोरांसमोर.

"साहब, गलती मेरी है. मैंने ही इसको बोला था, हप्ता भरते रहो. मैं ही नहीं समझा. आठ दिन दीजिए."

आणि इथे यशदीपच्या मनात जे झालं, ते त्याने पुढे कोणालाही सांगितलं नाही. त्याला हलकं वाटलं. बाबांनी दोष अंगावर घेतला, आता मी फक्त आज्ञाधारक पोरगा ठरलो, असं वाटून तो क्षणभर सुटला. बाप जोडलेल्या हातांनी उभा, आणि पोराला हलकं वाटतंय. ते त्याचं त्यालाच कळलं, आणि त्यानंतर त्याला बाबांच्या तोंडाकडे बघता आलं नाही.

दुपारी नीलकंठ काका घरी आले. बसले नाहीत, दारातूनच म्हणाले, "लहानू, जयंतीतले पैसे शिल्लक हायेत. ते एकवीस घेऊन जाय. कोणी काही म्हणणार नाही."

"देल्लं ते देल्लं," लहानू म्हणाले. काका गेल्यावर ते खाटेवर बसले. अंजनाबाई आत डोळे पुसत भांडी घासत होत्या, स्वच्छ झालेलीच पुन्हा. पिंकी उंबऱ्यात उभी होती. "भैया, बोलते तो सही," एवढंच ती म्हणाली.

लहानूंनी पोराला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. "अजून काही हाय काय कुठं? असन तर एकदाचं सांगून टाक."

दुसरं कार्ड त्याच्या खिशातच होतं. मांडीला त्याची कड लागत होती.

"नाही, बाबा."

मंगळवारी बापलेक बँकेत गेले. लहानूंना निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून दोन लाखांची एक ठेव त्यांनी पिंकीच्या नावाने राखून ठेवली होती. बी.एड.ची फी त्यातूनच जायची होती. आदल्या रात्री त्यांनी पिंकीला काही विचारलं नाही, आणि तिनेही विषय काढला नाही. गाडीवर मागे बसलेले लहानू वाटेत एकदाच बोलले, "पुढच्या वर्षी भरू तिची फी. वर्षानं काय होते."

काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी ठेवीची पावती बघितली. "अंकल, अभी तुड़वाएँगे तो ब्याज कट जाएगा. चार महीने ही बचे हैं. क्या ज़रूरत आ गई?"

"मेरे से एक गलती हो गई, मैडम," लहानू म्हणाले. घरचा पत्ता सांगावा तसं म्हणाले. "वही भरना है." आणि खिशातून चष्मा काढून सही कुठे करायची ते शोधू लागले.

यशदीप त्यांच्या खांद्यामागे उभा होता. बाबांचं बोट फॉर्मवरून हळूहळू खाली सरकत होतं. सही झाली की पहिलं कार्ड मिटणार. मग दुसऱ्या बँकेची पोरं येणार, आज ना उद्या, तोच पत्ता विचारत. बाबा पुन्हा हात जोडणार, पुन्हा म्हणणार, गलती मेरी है. आणि तोवर पिंकीचे पैसे गेलेले असणार.

"बाबा, थांबा."

लहानूंनी वर बघितलं.

"अजून एक कार्ड हाय. दुसऱ्या बँकेचं." तो मध्येच थांबला असता तर पुन्हा बोलू शकला नसता. "ब्याऐंशी हजार हायेत त्याच्यावर. परवा तुम्ही विचारलं तवा म्या खोटं बोललो."

काउंटरवरच्या बाईंनी नजर आपल्या स्क्रीनवर नेली. लहानूंनी पेन फॉर्मवरून उचललं. मग फार हळू, जवळजवळ विनवल्यासारखं त्यांनी विचारलं, "ते बी तू हप्ताच समजून घेतलं असन न?"

यशदीपला कळलं, बाबा काय करत होते. सुटायची वाट ते स्वतःच मोकळी करून देत होते. फक्त हव म्हणायचं होतं. दोन्ही कार्डं बाबांच्या चुकीत गेली असती, आणि बाबांनी ती आनंदाने घेतली असती. आपला पोरगा अडाणी आहे हे त्यांना चाललं असतं, खोटा आहे हे नाही.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "ते घेतलं तवा मले सगळं माहीत होतं."

लहानूंनी पेनाचं टोपण लावलं. ठेवीची पावती काउंटरवरून उचलून, दोनदा घडी घालून वरच्या खिशात ठेवली. "मैडम, आज रहने दीजिए," ते म्हणाले, आणि जाऊन भिंतीकडच्या बाकावर बसले. यशदीप त्यांच्या मागोमाग गेला आणि समोर उभा राहिला. लोक येत होते, टोकन घेत होते, पंख्याखाली उभे राहत होते. बऱ्याच वेळाने लहानू त्याच्याकडे न बघता बाकावर थोडे सरकले आणि शेजारी जागा केली.

यशदीपला तिथे बसवेना.